बयाणा, खावटी आणि हप्ता : रोख साहाय्य व पिढ्यांमधील व्यवसायबदल



शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात कसे विस्तारतात, आक्रसतात किंवा पार उलटे होतात, याची ओळख तुम्हांला यापूर्वी झालेली आहे. प्रस्तुत घटकात तीच साधने हाती घेऊन आपण एका सामाजिक प्रश्नाकडे वळणार आहोत. प्रश्न असा : शासनाने गरीब कुटुंबाच्या हाती थेट रोख रक्कम दिली, तर त्या कुटुंबातील मुलगा वा मुलगी आईबापांपेक्षा वेगळे आणि बरे काम करू लागते का?

हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तो मराठीच्या पुस्तिकेत कशाला, अशी शंका तुमच्या मनात येईल. शंका रास्त आहे. परंतु एखाद्या घराच्या तीन पिढ्यांनी कोणती कामे केली, हे आपल्याला बहुधा आकड्यांतून कळत नाही. ते त्या घरातल्या माणसांच्या बोलण्यातून कळते. आजोबा ‘गडी’ होते, बाप ‘बिगारी’ आहे, मुलगा ‘कंपनीत’ आहे, या तीन शब्दांत एक अख्खा इतिहास सामावलेला असतो. तो वाचता येणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. त्यासाठी आपण वसई-विरार आणि त्याला लागून असलेला पालघर जिल्ह्याचा आदिवासी पट्टा हा प्रदेश निवडला आहे.

दोन पारिभाषिक संज्ञा

पुढे जाण्यापूर्वी दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. पहिली ‘थेट लाभ हस्तांतरण’. शासनाचे साहाय्य वस्तुरूपाने किंवा मध्यस्थामार्फत न देता लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याच्या पद्धतीला हे नाव आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१३ पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने लागू केली. यातला ‘हस्तांतरण’ हा शब्द गमतीचा आहे. एका हातातून दुसऱ्या हातात जाणे हा त्याचा मूळ अर्थ. प्रत्यक्षात या पैशाला वाटेत कोणाचाच हात लागू नये, हा तर योजनेचा हेतू! अशा साहाय्याला काही अट जोडलेली असेल, उदाहरणार्थ मुलांची शाळेतील हजेरी, तर त्याला ‘सशर्त’ म्हणतात; नसेल तर ‘बिनशर्त’.

दुसरी संज्ञा ‘आंतरपिढी व्यावसायिक गतिशीलता’. सामाजिक गतिशीलतेची शास्त्रीय मांडणी पितिरीम सोरोकिन या समाजशास्त्रज्ञाने १९२७ साली केली. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना व्यवसायाची पायरी बदलली तर ती उभी गतिशीलता, आणि काम बदलले पण पायरी तीच राहिली तर ती आडवी गतिशीलता. वीटभट्टीवरच्या मजुराचा मुलगा शिक्षक झाला, तर बदल उभा आहे. तोच मुलगा बांधकामावर विटा वाहू लागला, तर बदल आडवा आहे. उदाहरणे सोपी वाटली तरी प्रत्यक्षात पायरी ओळखणे अवघड असते, हे पुढे दिसेल.

महामार्गाच्या दोन बाजू

वसई तालुका मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जणू दुभंगला आहे. पश्चिमेला समुद्र, रेल्वे, केळी-भाजीपाल्याच्या वाड्या आणि आता गगनचुंबी वसाहती. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि पारोळ, उसगाव, भाताणे, शिरवली अशी गावे, ज्यांच्या पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी ही कुटुंबे राहतात. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. महानगर आणि पाडा यांच्यातले अंतर इथे काही किलोमीटरांचे आहे, म्हणूनच हा प्रदेश आपल्या प्रश्नासाठी बोलका ठरतो.

पश्चिम पट्ट्यात पिढ्यांनी काम बदलले ते कसे? शासनाच्या रोख साहाय्याने नव्हे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. म्हणजे वाडीत राबणाऱ्याच्या मुलाला मुंबईच्या बाजारपेठेची आणि पुढे कचेऱ्यांची वाट दीडशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. चर्चने व स्थानिक शिक्षणसंस्थांनी शाळा काढल्या. १९१८ साली पापडी येथे कॅथॉलिक समाजाने सहकारी पतसंस्था उभी केली, जी आज बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. सावकाराकडे न जाता कर्ज मिळणे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असणे आणि शाळेच्या पुढे नोकरीकडे नेणारी गाडी असणे, असे तीन धागे एकत्र आले. सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा शेतकरी आणि त्याचा प्रमाण मराठी-इंग्रजी बोलणारा कारकून मुलगा हे चित्र त्यातून निर्माण झाले. बोलींच्या ऱ्हासाची कथाही तिथूनच सुरू होते. पण तो वेगळा विषय आहे.

महामार्गाच्या पूर्वेला यांतला एकही धागा वेळेवर पोहोचला नाही. तिथे पैसा पोहोचला, तो वेगळ्या वाटेने.

वेठ आणि बिगार

‘वेठबिगार’ या शब्दाची फोड करून पाहा. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, विष्टि म्हणजे सक्तीने, विनामोबदला करून घेतलेले काम. ‘बिगार’ हा फारसीतून आलेला ‘बेगार’. त्याचाही अर्थ तोच. दोन भाषांतील समानार्थी शब्द शेजारी ठेवून एक शब्द घडवण्याची मराठीची जुनी खोड आहे. ‘बाजारहाट’, ‘कागदपत्र’ हे त्याच घडणीचे शब्द. राजवटी बदलल्या, दरबाराची भाषा बदलली, तरी फुकट राबणे तेच राहिले, हे या एका जोडशब्दावरून कळते.

जुन्या ठाणे जिल्ह्यात या वेठीचा एक विशेष प्रकार होता : ‘लग्नगडी’. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे गडी म्हणून राही. कर्ज फिटत नसे. बायकोही राबू लागे, पुढे मुले. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात १९४५ साली वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली उठाव केला, तो वेठ आणि लग्नगडी या दोन्हींविरुद्ध. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लग्नगडी पद्धतीतली एक गोष्ट ठळकपणे लक्षात घ्या. तीही एक रोख रक्कमच होती. गरीब तरुणाच्या हातात एकरकमी पैसा पडत होता. परंतु त्या पैशाने त्याचा व्यवसाय बदलला नाही. उलट त्याचा आणि त्याच्या मुलाबाळांचा व्यवसाय कायमचा ठरवून टाकला. म्हणजे रोख पैसा स्वतःहून माणसाला मोकळे करतो असे नाही. तो कोणाकडून येतो, कोणत्या वेळी येतो आणि बदल्यात काय लिहून घेतो, यावर सारे अवलंबून असते.

वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्याने वेठीच्या मुळाशी असलेली कर्जेच रद्दबातल ठरवली. वसई तालुक्यात उसगाव परिसरात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ साली श्रमजीवी संघटनेची उभारणी केली, ती याच कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून. मुंबईच्या वेशीवर, लोकलच्या शेवटच्या स्थानकापासून जवळच, स्वातंत्र्यानंतर तीन-साडेतीन दशकांनी वेठबिगार सापडत होते, ही गोष्ट त्या काळी अनेकांना खरी वाटली नव्हती.

मुक्त झालेल्या वेठबिगाराला पुनर्वसनासाठी रोख साहाय्य देण्याची केंद्राची योजना १९७८ ची. रक्कम प्रारंभी ४,००० रुपये होती, २००० साली ती २०,००० झाली आणि २०१६ मध्ये ती व्यक्तीच्या परिस्थितीनुसार १ लाख, २ लाख व ३ लाख अशी वाढवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली नीरजा चौधरी खटल्यात स्पष्ट केले होते की, नुसती मुक्तता पुरेशी नाही; पुनर्वसन झाले नाही, तर मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच मालकाच्या दारात जाईल. रोख साहाय्य आणि व्यवसायबदल यांच्यातल्या नात्याचे याहून नेमके विधान मला ठाऊक नाही.

आज विरार, नालासोपारा, वसईच्या नाक्यांवर सकाळी जे मजूर कामाची वाट पाहत उभे असतात, त्यांना आपण ‘बिगारी’ म्हणतो. वेठबिगारातला ‘वेठ’ गळून पडला आणि ‘बिगारी’ रोजंदारीवर आला. ज्या शब्दाचा मूळ अर्थच ‘बिनमजुरीचे काम’ होता, तो आता ठरलेली मजुरी घेणाऱ्यासाठी वापरला जातो. अर्थपरिवर्तनाचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. व्यवसायाच्या पायरीचे काय? मजुरी मिळू लागली, हा बदल लहान नव्हे. काम अंगमेहनतीचे, अकुशल आणि उद्याची खात्री नसलेलेच राहिले. शब्द टिकून राहिला आहे, तो बहुधा यामुळेच.

बयाणा आणि खावटी

वेठ कायद्याने गेली. तिच्या जागी ‘बयाणा’ उभा राहिला. व्यवहार पक्का करताना आगाऊ द्यायची रक्कम, असा या फारसी वळणाच्या शब्दाचा अर्थ. घर विकत घेताना आपणही बयाणा देतो. वीटभट्टीच्या व्यवहारात मात्र बयाणा देऊन माणसाच्या पुढच्या हंगामाची मेहनत पक्की केली जाते. ऊसतोडणीच्या प्रदेशात याच रकमेला ‘उचल’ म्हणतात. दोन शब्दांतला फरक पाहा : ‘उचल’मध्ये घेणाऱ्याची कृती आहे, ‘बयाणा’मध्ये देणाऱ्याचा सौदा आहे.

बयाण्याचा काळ महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात रोपणीची कामे संपली की पाड्यावर काम उरत नाही. घरातले धान्यही सरत आलेले असते. आजारपण, सण, लग्न यांचा खर्च याच सुमारास अंगावर येतो. तेव्हा भट्टीमालकाकडून बयाणा घेतला जातो आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाऊन ‘भोंग्या’त राहते. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती, वाकून आत शिरावे लागणारी झोपडी. मुले अर्थातच बरोबर जातात. हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो, तोवर शाळेचे वर्षही संपलेले असते. या मुलांसाठी भट्टीवरच शाळा चालवण्याचा प्रयोग या भागात झाला, तेव्हा तिला ‘भोंगाशाळा’ हेच नाव मिळाले.

इथे सशर्त साहाय्याची मूळ अडचण उघड होते. शाळेतील हजेरी ही अट घातली, तर ती पूर्ण करू शकणार नाही ते नेमके भट्टीवर गेलेले मूल. ज्याला पैशाची सर्वांत जास्त गरज, तेच अटीतून गळते.

‘खावटी’ हा शब्द याच कोंडीतून आलेला. खाण्यापुरते घेतलेले कर्ज, ही खावटी. सावकाराच्या खावटीतून आदिवासींना सोडवण्यासाठी राज्य शासनाने १९७८ पासून खावटी कर्ज योजना राबवली. म्हणजे सावकाराचा शब्द शासनाने उचलला. कोरोनाच्या काळात, २०२० साली, या योजनेचे रूप पालटून ‘खावटी अनुदान’ झाले. प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपयांचे साहाय्य, त्यातले निम्मे रोख खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने. ‘कर्ज’ जाऊन ‘अनुदान’ आले, हा शब्दबदल कागदावर एका ओळीचा आहे. पण फेडायचे नसलेले पैसे आणि फेडायचे पैसे यांत जी दरी आहे, तीच वेठ आणि मुक्ती यांच्यात होती.

मिळणे आणि कमावणे

आता अलीकडच्या योजनांकडे येऊ. ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, कुटुंबाकडे पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास, जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. ही सशर्त योजना आहे. तिचे फळ दिसण्यास २०४१ साल उजाडेल. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली : वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये. पहिल्या दोन महिन्यांची रक्कम त्या वर्षी राखीपौर्णिमेच्या सुमारास खात्यांत जमा झाली आणि तिला ‘ओवाळणी’ म्हटले गेले. या योजनेत मुलांच्या शाळेची वा अन्य कसलीही अट नाही.

‘लेक’, ‘बहीण’, ‘ओवाळणी’ : नात्याचे शब्द. अभ्यासक म्हणून याकडे तटस्थपणे पाहा. ओवाळणी हा हक्क असतो की प्रेमाचे देणे? भावाने ओवाळणी घातली नाही तर बहीण रुसू शकते, दाद मागू शकत नाही. याउलट १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७ च्या कायद्याने पक्की झालेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घ्या, वि. स. पागे यांच्या विचारातून ती साकारली. तिच्या नावातच ‘हमी’ आहे. काम मागितल्यावर ते न मिळाल्यास बेकारभत्त्याची तरतूद आहे. नामकरणाची ही दोन वळणे वेगळे नाते सूचित करतात, हे माझे मत. तुमचे वेगळे असू शकेल.

व्याकरणातही हा फरक उमटतो. ‘त्याने पैसे कमावले’ आणि ‘त्याला पैसे मिळाले’ ही वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात त्याला ‘ला’ प्रत्यय लागला आहे. तो केवळ घेणारा आहे. प्रत्यक्ष बोलण्यात तर माणूस वाक्यातून पुष्कळदा नाहीसाच होतो : ‘पैसे पडले का?’, ‘हप्ता आला का?’ यातला ‘हप्ता’ शब्दही पाहण्यासारखा. फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात; ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा; आठवड्याला फेडायची रक्कम ती हप्ता; मग कोणत्याही ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम. आजवर गरीब माणूस हप्ता भरत होता, कधी बँकेला, कधी सावकाराला, कधी दमदाटी करणाऱ्याला. आज प्रथमच हप्ता त्याच्या घराकडे येऊ लागला आहे.

अशा साहाय्याने माणसे आळशी होतात, हा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. मला तो पटत नाही. १,५०० रुपये महिना म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून काम सुटण्याचा प्रश्नच येत नाही. सुटू शकते ती दुसरी गोष्ट. समजा, भाद्रपदात तांदूळ आणि औषधपाणी यांसाठी एखाद्या कुटुंबाला पाच हजारांची निकड आहे. घरातल्या बाईच्या खात्यात चार महिन्यांचे पैसे शिल्लक असतील, तर तेवढ्यासाठी बयाणा घेण्याची गरज उरत नाही आणि भट्टीवर जायचे की नाही, गेले तरी मुलाला आजीजवळ शाळेत ठेवायचे का, हे ठरवण्यास थोडी जागा मिळते. ‘नाही’ म्हणण्याची ही ऐपत फार मोलाची आहे. मात्र खर्च लग्नाचा किंवा मोठ्या आजाराचा असेल, तर दरमहाची छोटी रक्कम अपुरी पडते आणि वाट पुन्हा बयाण्याकडेच जाते. एकरकमी गरज आणि दरमहाचा पैसा यांचा मेळ बसत नाही, हे लग्नगड्याच्या काळापासूनचे दुखणे आहे.

इतरत्र काय दिसले

सशर्त रोख साहाय्याचा सर्वाधिक अभ्यासलेला प्रयोग मेक्सिकोतला. १९९७ साली तिथल्या ग्रामीण भागात ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू झाली. पुढे तिचे नाव ‘ओपोर्तुनिदादेस’ व नंतर ‘प्रोस्पेरा’ झाले आणि २०१९ मध्ये ती बंद करण्यात आली. पैसे आईच्या हाती दिले जात, मुलांची शाळेतील हजेरी ही अट होती आणि माध्यमिक इयत्तांत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा अधिक होती. शाळेत जाण्याचे प्रमाण वाढले, याबद्दल अभ्यासकांत फारसे दुमत नाही. मतभेद पुढच्या टप्प्याविषयी आहेत. त्या मुलांच्या तरुणपणी ग्रामीण युवकांच्या कामाचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, आईबापांच्या व्यवसायापेक्षा वरच्या व्यवसायात जाण्याचे प्रमाण योजनेमुळे फारसे वाढलेले आढळले नाही. नंतरच्या दुसऱ्या अभ्यासाला विशेषतः स्त्रियांच्या कामात आणि उत्पन्नात सुधारणा दिसली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर हाती लागते ते असे : पैशाने मूल शाळेत टिकते, शिकलेल्या मुलाला घेणारे काम आसपास नसेल, तर शिक्षण वाढूनही व्यवसाय तोच राहतो किंवा गाव सोडावे लागते.

आपल्या देशातले बिहारचे उदाहरणही बोलके आहे. २००६ साली तिथे नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, आणि शाळा जितकी लांब तितका परिणाम मोठा. मुलींची अडचण गरिबी होती, तसे अंतरही होते. दोन्हींवर एकाच वेळी उपाय झाला.

साहाय्य रोखीनेच द्यावे, असा निष्कर्ष यावरून काढू नका. २०१८ साली महाराष्ट्रातील आदिवासी वसतिगृहांत भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात पैसे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनीच त्याला विरोध केला आणि त्या जुलै महिन्यात पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर आले नाहीत तर जेवायचे काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ज्यांना पैसे देऊ केले होते, त्यांनी ताट मागितले.

‘जातो’ आणि ‘आहे’

आता आपल्या प्रदेशातल्या आजच्या तरुणाकडे वळू. वालीव, गोखिवरे, सातिवली या औद्योगिक पट्ट्यात लहान-मोठे हजारो ‘गाळे’ आहेत. आत चार यंत्रे असोत की चाळीस, बोलण्यात ती ‘कंपनी’च. पूर्वेच्या पाड्यांवरून दहावी-बारावी झालेले तरुण तिथे ‘हेल्पर’ म्हणून लागतात. संपर्कसत्रांना येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही असे तरुण असतात. पाळी संपवून येतात आणि मागच्या बाकावर बसतात.

त्यांच्या बोलण्यातल्या क्रियापदांकडे लक्ष द्या. बाप ‘मजुरीला जातो’, आई ‘कामाला जाते’, मुलगा मात्र ‘कंपनीत आहे’. शिक्षक वा कारकून असेल, तर ‘नोकरीला आहे’, ‘सर्व्हिसला आहे’. जे काम रोज नव्याने मिळवावे लागते, तिथे ‘जाणे’; जिथे काही स्थैर्य आहे, तिथे ‘असणे’. ‘कंपनीत आहे’ म्हणणारा मुलगा बापाच्या वाक्यरचनेतून बाहेर पडला आहे, हे खरे. पण तो कंत्राटदाराकडून आला असेल आणि गाळा बंद पडल्यावर पुन्हा नाक्यावर उभा राहणार असेल, तर व्याकरण पुढे गेले आणि व्यवसाय मागे राहिला, असे म्हणावे लागेल. व्यवसायाची पायरी ओळखणे अवघड असते, असे मी आधी म्हटले ते यामुळे. ‘हेल्पर’ हा ‘बिगारी’चा इंग्रजी पेहराव आहे की पुढची पायरी? माझ्या मते उत्तर वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधी आणि पुढे ‘ऑपरेटर’ होण्याची शक्यता यांत शोधावे लागेल. त्या शब्दात ते मिळणार नाही.

तरुणांसाठी रोख साहाय्याच्या योजना तुलनेने थोड्या आहेत. २०२४ च्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण’ योजनेत १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना आस्थापनांत सहा महिने काम शिकताना विद्यावेतन देण्याचे ठरले : बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा. (मुदत पुढे वाढवण्यात आली.) योजनेची दिशा योग्य आहे, कारण ती पैसा आणि कामाची जागा यांना जोडते. परंतु किमान अट बारावीची आहे. ज्याची शाळा आठवीत भट्टीवर सुटली, तो या दारापर्यंत पोहोचतच नाही. तसेच २०१९ पासूनच्या ‘पीएम किसान’ योजनेचे वर्षाला ६,००० रुपये ज्याच्या नावावर शेतजमीन आहे त्यालाच मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही ज्याच्या वनपट्ट्याचा दावा मंजूर झालेला नाही, तो त्यातून बाहेर राहतो.

‘लाभार्थी’ शब्दाकडे शेवटी पाहू. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्येची इच्छा करणारा तो ‘विद्यार्थी’, लाभाची इच्छा करणारा तो ‘लाभार्थी’. शासकीय मराठीत मात्र ‘लाभार्थी’ म्हणजे ज्याला लाभ मिळाला तो; इच्छा बाजूला पडली. पाड्यावरचे आईबाप काय इच्छितात, हे विचारले तर उत्तर बहुधा एका छोट्या वाक्यात येते : ‘पोराने भट्टीवर जाऊ नये.’ कोणते काम करावे, हे त्यात नाही. कोणते करू नये, एवढेच आहे. रोख साहाय्य या वाक्याचा पूर्वार्ध काही अंशी साधू शकते. उत्तरार्ध, म्हणजे मग पोराने काय करावे, तो शाळेच्या अंतरावर, गाड्यांच्या वेळांवर, वालीवच्या गाळ्यांवर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालेल्या वाढवण बंदरात स्थानिकांना नेमकी कोणती कामे मिळतात, यांवर ठरणार आहे.

स्वाध्याय

आपल्या किंवा परिचयातील एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांशी, अथवा त्यांच्याविषयी सांगू शकणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. प्रत्येक पिढीचे काम सांगताना कोणती नामे व कोणती क्रियापदे वापरली गेली, ती जशीच्या तशी, बोलीतल्या उच्चारासह नोंदवा. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नका. आगाऊ घेतलेल्या, उसन्या आणि शासनाकडून आलेल्या पैशांसाठी त्या घरात कोणते वेगवेगळे शब्द आहेत, हे आवर्जून विचारा. बोलणाऱ्यांची नावे लिहू नयेत. ‘आजी’, ‘वडील’, ‘मुलगी’ एवढे पुरे. या नोंदींच्या आधारे त्या कुटुंबातील व्यवसायबदल उभा की आडवा, याची सुमारे ६०० शब्दांत चर्चा करा आणि तुम्ही निवडलेली बाजू ज्या एका शब्दावर मुख्यतः आधारलेली आहे, त्याची व्युत्पत्ती कोशात पाहून सोबत जोडा.